उबंटूवर एक्स्टेन्शन बसत का नाही, आणि बसलेली सगळी एकदम बंद का होतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या ऑफिसात दोन जुनी मशीन आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, तेव्हा एकावर उबंटू २४.०४ टाकलं आणि दुसऱ्यावर लिनक्स मिंट. बिलं, जीएसटीचं काम, ग्राहकांची ड्रॉइंग उघडून बघणं हे सगळं सुरळीत चालू आहे. आता विंडोजसारखी खालची पट्टी, कॉपी केलेल्या मजकुराची यादी, मोबाइलवरचे कास्टिंगचे फोटो केबलशिवाय मशीनवर आणि मराठी टायपिंग हवं आहे. वेबसाइटवर एक्स्टेन्शन सापडतं, पण बटण दाबलं की काहीच होत नाही. एक झिप उघडून फोल्डरमध्ये टाकलं, ते कुठे दिसत नाही. तिसरं टाकल्यावर तर आधीची सगळीच बंद पडली. आणि हेच मिंटवर कसं करायचं?

एक गोष्ट आधी पक्की करून घ्या, बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात. उबंटूच्या डेस्कटॉपचं नाव ग्नोम. त्याचं एक्स्टेन्शन, म्हणजे त्या डेस्कटॉपला जोडायची छोटी भर, हा स्वतंत्र प्रोग्राम नसतो. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असतं आणि थेट ग्नोम शेलच्या पोटात, त्याच प्रोसेसमध्ये चालतं. वरची पट्टी, डॉक म्हणजे प्रोग्रामच्या चिन्हांची पट्टी, खिडक्यांची मांडणी, नोटिफिकेशन हे सगळं शेल काढतं, आणि एक्स्टेन्शन त्या शेलच्या आतल्या कोडमध्ये हात घालतं. मध्ये कुंपण नाही. म्हणून शेलची आवृत्ती बदलली की एक्स्टेन्शन तुटतं, एका एक्स्टेन्शनने गोंधळ घातला की सगळं शेल खाली येतं, आणि शेलला जे जे दिसतं ते सगळं एक्स्टेन्शनलाही दिसतं. तुमच्या तक्रारी या तीन वाक्यांच्या बाहेर जात नाहीत.

खाली काही कमांड दिल्या आहेत. त्या इथे नागरीत लिहिल्या असल्या तरी टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांतच टाकायच्या.

आवृत्तीचा आकडा

सेटिंग्ज उघडा, सिस्टिममध्ये अबाउट, त्यात सिस्टिम डिटेल्स. तिथल्या दोन ओळी कागदावर उतरवून घ्या: ग्नोम व्हर्जन आणि विंडोइंग सिस्टिम. उबंटू २४.०४वर पहिलीत ४६ दिसेल, दुसरीत बहुतेक वेलँड, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवायची नवी पद्धत; जुनी पद्धत ती झोरग. उबंटू २२.०४वर ग्नोम ४२ असतं, डेबियन १२वर ४३, डेबियन १३वर ४८. ग्नोमची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येते, पण उबंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ अपडेट मिळणारी, आवृत्ती आपला आकडा शेवटपर्यंत बदलत नाही. तुमचं मशीन २४.०४वर आहे तोवर ते ४६वरच राहणार, आणि २४.०४ला साधारण अपडेट २०२९पर्यंत मिळतात. ऑफिसच्या मशीनवर एलटीएसच ठेवा असं मी सांगतो त्याचं एक कारण हेच. दर सहा महिन्यांनी एक्स्टेन्शनं तुटण्याचा व्याप नको.

प्रत्येक एक्स्टेन्शनमध्ये मेटाडेटा नावाची एक जेसन फाइल असते. आपण शेलच्या कोणकोणत्या आवृत्त्यांवर चालतो याची यादी तिच्यात असते. त्या यादीत ४६ नसेल तर शेल ते चालू करायलाच नकार देतं. वेबसाइटवर एक्स्टेन्शनच्या पानावर दोन आकडे निवडायला येतात, एक शेलचा आणि एक एक्स्टेन्शनचा स्वतःचा. गफलत इथेच होते. एक्स्टेन्शनचा आकडा मोठा म्हणजे चांगलं असं काही नाही. आधी शेलचा आकडा ४६ निवडायचा, मग त्याच्यासाठी जे निघेल तेच घ्यायचं.

सप्टेंबर २०२३मध्ये आलेल्या ग्नोम ४५ने आणखी एक रेघ ओढली आहे. त्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शन लिहिण्याची पद्धतच बदलली. कोड आयात करायची जुनी रीत काढून जावास्क्रिप्टची प्रमाण मोड्यूल रीत आली. त्यामुळे ४४पर्यंतचं एक्स्टेन्शन ४५ आणि पुढे चालत नाही, आणि नव्या रीतीचं ४४ वा त्याआधी चालत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत बघून एखादी झिप उतरवली असेल तर ती तुमच्या मशीनवर चालणार नाही, कितीही खटपट करा. आवृत्तीची तपासणी बंद करायची एक छुपी सेटिंग आहे आणि ती बऱ्याच ठिकाणी उपाय म्हणून सुचवलेली दिसते. तिच्या नादी लागू नका. ४५ आणि ४६ इतक्या जवळच्या आवृत्त्यांत कधीकधी काम होतं, ४४ आणि ४६मध्ये होणारच नाही. शिवाय ती सेटिंग एका एक्स्टेन्शनपुरती नसते, सगळ्यांचीच तपासणी उठते.

आधी बघा, एक्स्टेन्शन लागतंय का

तुमच्या यादीतल्या निम्म्या गोष्टींना एक्स्टेन्शन लागतच नाही.

खालची पट्टी घ्या. सेटिंग्जमध्ये उबंटू डेस्कटॉप नावाचं पान आहे. तिथे डॉकची जागा बॉटम करा आणि पॅनल मोड चालू ठेवा, म्हणजे डॉक कडेपासून कडेपर्यंत पसरतो. चिन्हांचा आकार तिथेच कमी होतो. चालू प्रोग्रामच्या चिन्हावर क्लिक केल्यावर खिडकी खाली जायला हवी असेल, म्हणजे विंडोजची सवय, तर एकच कमांड:

जीसेटिंग्ज सेट ऑर्ग.ग्नोम.शेल.एक्स्टेन्शन्स.डॅश-टू-डॉक क्लिक-ॲक्शन 'मिनिमाइझ'

कमांडमध्ये डॅश-टू-डॉक हे नाव आहे, ते चुकून नाही. उबंटू डॉक हे डॅश टू डॉक या एक्स्टेन्शनचंच उबंटूने बदल करून घेतलेलं रूप आहे आणि दोघांची सेटिंग्ज एकाच ठिकाणी राहतात. म्हणूनच उबंटूवर वेगळं डॅश टू डॉक बसवायला जाऊ नका. एकाच जागेसाठी दोन डॉक भांडतात आणि एकाचं सेटिंग बदललं की दुसऱ्याचं बदलतं.

घड्याळाशेजारी बारीक चिन्ह दाखवणाऱ्या प्रोग्रामसाठी ॲपइंडिकेटर एक्स्टेन्शन उबंटूत आधीपासून असतं. डेस्कटॉपवर फाइलींची चिन्हं दाखवणारं आणि खिडक्या अर्ध्या-पाव भागात बसवणारं, तीही आलेलीच असतात. रात्री पडदा पिवळसर करायची सोय डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आहे.

मराठी टायपिंगचा तर एक्स्टेन्शनशी काही संबंध नाही. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्सेसमध्ये अधिकचं चिन्ह दाबून मराठी शोधा. यादीत लगेच दिसत नसेल तर खालच्या तीन टिंबांवर दाबा. इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी येत असेल तर एवढ्यावर भागतं. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायचं असेल तर आधी हे पॅकेज घ्या, लॉग आउट करून परत या, मग तीच यादी पुन्हा उघडा:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल आयबस-एम१७एन

भाषा बदलायला सुपर म्हणजे विंडोजचं बटण आणि स्पेस एकत्र.

बसवायचं कसं

रस्ते चार आहेत, आणि ते या क्रमाने वापरावेत असं माझं मत: उबंटूच्या स्वतःच्या भांडारातलं, ॲप्ट कमांडने मिळणारं पॅकेज, एक्स्टेन्शन मॅनेजर, ब्राउझर, आणि हाताने उतरवलेली झिप. बहुतेक लोक उलट्या टोकाकडून सुरुवात करतात.

भांडारातलं पॅकेज त्या उबंटूच्या शेलशी जुळवूनच ठेवलेलं असतं आणि सिस्टिमच्या अपडेटबरोबर त्याचंही अपडेट होतं. उणीव एवढीच की तिथे निवड थोडी. मोबाइल मशीनला जोडणारं जीएसकनेक्ट तिथे आहे, ते तिथूनच घ्या.

बाकी सगळ्यासाठी एक्स्टेन्शन मॅनेजर. एक्स्टेन्शन्स नावाचं ग्नोमचं स्वतःचं ॲप वेगळं आहे. त्यात बसलेली एक्स्टेन्शनं चालू-बंद करता येतात, नवी शोधता येत नाहीत. मॅनेजरमध्ये दोन्ही होतं. आधी सुडो ॲप्ट अपडेट, मग:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नोम-शेल-एक्स्टेन्शन-मॅनेजर

उघडल्यावर वर दोन टॅब दिसतात, इन्स्टॉल्ड आणि ब्राउझ. इन्स्टॉल्डमध्ये तुम्ही बसवलेली वेगळी आणि सिस्टिमबरोबर आलेली वेगळी. उबंटू डॉक दुसऱ्या गटात सापडेल. ब्राउझमध्ये नाव टाकून शोधा. तुमच्या शेलवर न चालणाऱ्यापुढे इन्स्टॉलऐवजी अनसपोर्टेड असं येतं, म्हणजे आकडा जुळवायचं डोकं तुम्हाला चालवावं लागत नाही.

डॉक खाली नेऊनही मन भरलं नाही, घड्याळ, चिन्हं, चालू खिडक्या सगळं एकाच पट्टीत हवं असेल, तर डॅश टू पॅनल बसवा. ब्राउझमध्ये हे नाव शोधा. मिळत्याजुळत्या नावांची गर्दी असते, त्यामुळे नुसतं नाव न बघता तपशील उघडून वर्णन आणि डाउनलोड बघा. इन्स्टॉल दाबलं की शेल स्वतः एक खिडकी दाखवून विचारतं, तिथे होकार द्या. मॅनेजरमधून बसवलेलं एक्स्टेन्शन लगेच चालू होतं, लॉग आउट करावं लागत नाही. वरची पट्टी नाहीशी होऊन खाली एक जाड पट्टी येईल. डॉकही दिसत राहिला तर मॅनेजरमध्ये सिस्टिमच्या गटात जाऊन उबंटू डॉक बंद करा. मग पट्टीवरच्या रिकाम्या जागेत उजवं क्लिक करून सेटिंग्जमध्ये जा. पट्टीची जाडी सुरुवातीला ४८ पिक्सेल असते. तुमचा मॉनिटर जुना १३६६ बाय ७६८चा असेल तर ४८ फार होतात, ३६ वर आणा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये एखादी ओळ जास्त दिसेल, आणि बिल करताना तीच उपयोगी पडते.

स्टार्ट मेनूसारखा मेनू पाहिजे तर आर्कमेनू आहे. त्याच्या मांडण्या इतक्या की एक अख्खी दुपार त्यात जाते. एक निवडा आणि सोडून द्या.

कॉपी केलेल्या मजकुराच्या यादीसाठी मात्र एक्स्टेन्शनच लागतं, आणि त्याला कारण आहे. वेलँडवर ग्नोम मागे चालणाऱ्या साध्या प्रोग्रामला क्लिपबोर्ड वाचू देत नाही. शेलच्या आत असलेल्यालाच ते जमतं. क्लिपबोर्ड इंडिकेटर हे त्यातलं जुनं आणि सांभाळलं जाणारं. ग्राहकाचा १५ अक्षरी जीएसटी नंबर, कास्टिंगचा ७३२५ हा एचएसएन कोड, बँकेचा आयएफएससी एकामागोमाग कॉपी करून हवे तसे चिकटवता येतात. फक्त हे लक्षात ठेवा की ही यादी तुमच्या घर फोल्डरातल्या लपलेल्या कॅश फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत राहते. कॉपी केलेला बँकेचा पासवर्डही तिथे उघडाच पडतो. नेटबँकिंग उघडण्याआधी त्याच्या मेनूतला प्रायव्हेट मोड चालू करा, आणि यादीची लांबी सेटिंगमध्ये कमी ठेवा. वर्कशॉपच्या मशीनवर चार माणसं एकच खातं वापरत असतील तर हे आणखीच महत्त्वाचं.

मोबाइलसाठी जीएसकनेक्ट. फोनवर केडीई कनेक्ट ॲप टाका, मशीनवर:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल ग्नोम-शेल-एक्स्टेन्शन-जीएसकनेक्ट

ॲप्टमधून बसवलेलं एक्स्टेन्शन लॉग आउट करून परत आल्यावरच यादीत दिसतं. मग मॅनेजरमध्ये ते चालू करा. दोघं एकमेकांना दिसत नसतील तर कारणं ठरलेली आहेत. फोन आणि मशीन एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय असेल तर ते उपकरणांना एकमेकांपासून तोडतं, तिथे जमणार नाही. मशीनवर फायरवॉल चालू केली असेल तर १७१४ ते १७६४ हे पोर्ट टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडे लागतात. उबंटूत फायरवॉल मुळात बंद असते, त्यामुळे कुणी मुद्दाम चालू केली नसेल तर तिकडे बघायची गरज नाही. आणि त्याच मशीनवर केडीई कनेक्टचा डेस्कटॉप प्रोग्राम बसवलेला असेल तर तो काढा. दोघांनाही तेच पोर्ट लागतात, जो आधी उठेल तो ते धरून बसतो.

मशीनचं तापमान आणि रॅम दाखवणारं व्हायटल्स अनेकांना आवडतं. ते मॅनेजरमधून बसेल, पण आधी ही दोन पॅकेजं बसवून घ्या:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल जीआयआर१.२-जीटॉप-२.० एलएम-सेन्सर्स

४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर ते किती सेकंदांनी आकडे घेतं तो काळ वाढवून ठेवा. पार्श्वभूमी धूसर करणारी, खिडक्या डुलवणारी एक्स्टेन्शनं अशा मशीनवर नकोतच. जुन्या इंटेल ग्राफिक्सवर त्यांचा भार लगेच जाणवतो आणि बदल्यात मिळतं काय, तर शोभा.

वेबसाइटवरचं बटण दाबून काहीच का होत नाही

ब्राउझरमधून बसवायला दोन तुकडे लागतात. एक ब्राउझरमधलं ॲड-ऑन, आणि दुसरा मशीनवर बसणारा जोडणारा प्रोग्राम, ग्नोम-ब्राउझर-कनेक्टर. बहुतेक वेळा पहिलाच बसवलेला असतो. तेव्हा पानावर ॲड-ऑन चालू आहे पण नेटिव्ह होस्ट कनेक्टर सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी पट्टी येते, आणि आपण ती वाचत नाही. कनेक्टर ॲप्टमधून घ्या, ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडा. उबंटूत फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त रूपात येतो, आणि बाहेरच्या प्रोग्रामशी त्याचं बोलणं हा आणखी एक अडखळायचा टप्पा. मॅनेजर असताना या रस्त्याने जायचं कारण मला दिसत नाही. वेबसाइट वाचायला वापरा. तिथली मतं आणि तक्रारी खरंच कामाच्या असतात, विशेषतः अलीकडच्या.

झिप टाकली, दिसत नाही

तुमची एक्स्टेन्शनं घर फोल्डरमधल्या लपलेल्या डॉट-लोकल फोल्डरात असतात: त्यात शेअर, त्यात ग्नोम-शेल, त्यात एक्स्टेन्शन्स. फाइल्समध्ये कंट्रोल आणि एच दाबलं की लपलेले फोल्डर दिसतात. तुम्ही टाकलेला फोल्डर तिथे असेल, पण त्याचं नाव बघा. मेटाडेटा फाइलीत यूयूआयडी या नावाने एक ओळख दिलेली असते, मध्ये ॲटचं चिन्ह असलेली, ईमेलसारखी दिसणारी. फोल्डरचं नाव अक्षरन् अक्षर तेच असावं लागतं. गिटहब या कोड ठेवायच्या वेबसाइटवरून सोर्सची झिप उतरवली की फोल्डरच्या नावाच्या शेवटी आडव्या रेघेसह मेन किंवा मास्टर चिकटलेलं येतं, आणि शेल त्याला ओळखतच नाही.

नाव दुरुस्त केलं तरी दुसरी अडचण उभी राहते. सोर्सच्या झिपमध्ये सेटिंगांचा साचा कच्चा असतो, तो कंपाइल करावा लागतो. तो तसाच राहिला की एक्स्टेन्शन यादीत दिसतं, पण एरर दाखवतं. म्हणून गिटहबवरून घ्यायचंच असेल तर रिलीजेस या भागातली तयार झिप घ्या, आणि हाताने उलगडू नका. झिप असलेल्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडून:

ग्नोम-एक्स्टेन्शन्स इन्स्टॉल फाइलीचं-नाव.झिप

तेच आधी बसलेलं असेल तर इन्स्टॉलनंतर दोन आडव्या रेघा देऊन फोर्स जोडा. फोल्डर, नाव, साचा सगळं ही कमांड जागेवर लावते. पण चालू शेलला नव्या फोल्डरची खबर नसते. वेलँडवर लॉग आउट करून परत यावंच लागतं. झोरगवर असाल तर ऑल्ट आणि एफ२ दाबून फक्त आर लिहून एंटर केलं की शेल जागेवर नव्याने उठतं, खिडक्या तशाच राहतात. तुमची झिप बहुधा या तीनांपैकी एका ठिकाणी अडली आहे: आवृत्ती, फोल्डरचं नाव किंवा लॉग आउट.

इंटरनेट नसलेल्या मशीनवर हाच रस्ता उपयोगी. दुसरीकडे ४६ निवडून झिप उतरवा, पेनड्राइव्हने आणा, वरची कमांड द्या.

सगळी एकदम बंद पडली

शेल सुरू होताना कोसळलं, तर कुठल्या एक्स्टेन्शनने पाडलं हे न बघता ग्नोम सरसकट सगळी बंद करतं, म्हणजे निदान डेस्कटॉप तरी उघडावा. ही बिघाडाची खूण नाही, संरक्षण आहे. तुमची एक्स्टेन्शनं आणि त्यांची सेटिंग्ज जागच्या जागी आहेत. मॅनेजर उघडा, इन्स्टॉल्डमध्ये सगळ्यात वरचं मुख्य स्विच बंद झालेलं दिसेल. ते चालू करण्याआधी शेवटी टाकलेलं एक्स्टेन्शन बंद करा, मग मुख्य स्विच चालू करा.

दोषी कोण हे माहीत नसेल तर निम्मी बंद करा आणि लॉग आउट करून बघा. गडबड राहिली तर दोषी चालू असलेल्यांत, गेली तर बंद असलेल्यांत. आठ असतील तर तीन फेऱ्यांत सापडतं. यादीत एखाद्यावर एररची खूण असेल तर तपशिलात मजकूर मिळतो. टाइपलिब सापडत नाही असं असेल तर एखादं जीआयआर पॅकेज कमी आहे, व्हायटल्सचं वर सांगितलं तसंच. आयात किंवा मोड्यूलबद्दल कुरकुर असेल तर आवृत्तीची रेघ ओलांडली गेली आहे, तिथे काही करण्यासारखं नाही. ऑल्ट आणि एफ२ दाबून एलजी लिहिलं तर शेलची स्वतःची तपासणी-खिडकी उघडते. तिच्या एक्स्टेन्शन्स टॅबमध्येही हे सगळं दिसतं. एस्केपने बंद होते.

लॉगिननंतर पडदा काळाच राहिला किंवा पुन्हा पुन्हा पासवर्डवर येत राहिलं, तर मशीनचा मेन बंद करू नका. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड टाका, पासवर्डची अक्षरं उमटत नाहीत, तसाच टाकत जा. मग:

सीडी .लोकल/शेअर/ग्नोम-शेल
एमव्ही एक्स्टेन्शन्स एक्स्टेन्शन्स-जुनी

एक्झिट लिहून कंट्रोल, ऑल्ट, एफ१ने लॉगिनच्या पडद्यावर परत या. डेस्कटॉप उघडेल. मग जुन्या फोल्डरातून एकेक परत आणायचं.

वेलँडवर शेल पडलं की त्याबरोबर उघडे सगळे प्रोग्रामही जातात, अर्धवट बिलासकट. नवं एक्स्टेन्शन भर कामाच्या वेळात टाकू नका. सुट्टीच्या दिवशी किंवा शटर ओढल्यावर टाका, आणि एका वेळी एकच.

वेबसाइट किंवा मॅनेजरमधून आलेल्या एक्स्टेन्शनांची नवी आवृत्ती शेल स्वतःच उतरवून ठेवतं आणि पुढच्या लॉगिनला लावतं. काल नीट होतं, आज सकाळी बिघडलं, आपण तर काही केलं नाही, याचा उलगडा पुष्कळदा हाच असतो.

सगळं मनासारखं बसलं की सेटिंगांची एक प्रत काढून ठेवा:

डीकॉन्फ डंप /ऑर्ग/ग्नोम/शेल/एक्स्टेन्शन्स/ > सेटिंग्ज.टीएक्सटी

परत भरायला डंपच्या जागी लोड आणि बाणाची दिशा उलटी. एक्स्टेन्शनं वेगळी बसवावी लागतात, ही प्रत फक्त त्यांच्या सेटिंगांची. उबंटूची मोठी आवृत्ती बदलण्याआधी मॅनेजरच्या मेनूतला अपग्रेड असिस्टंट चालवा. तुमच्यापैकी कुठली एक्स्टेन्शनं नव्या शेलवर चालतील ते तो आधीच सांगतो.

भरवशाबद्दल एक शब्द. ग्नोमच्या वेबसाइटवर येणारं प्रत्येक एक्स्टेन्शन स्वयंसेवक कोड वाचून मंजूर करतात. गिटहबवरच्या झिपला ती चाळणी नाही. मार्च २०२४मध्ये केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपच्या स्टोअरमधल्या एका थीमने ती बसवणाऱ्याच्या फाइली पुसून टाकल्या. तोही सुंदर दिसण्यासाठी टाकलेला ॲड-ऑनच होता. जीएसटीचे कागद असलेल्या मशीनवर हिशेब वेगळा करायला हवा.

मिंटवर

मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप वेगळा आहे. ग्नोमची एक्स्टेन्शनं त्यावर चालत नाहीत आणि त्याची ग्नोमवर चालत नाहीत, त्यामुळे उबंटूवरचा फोल्डर उचलून इकडे टाकू नका. पण तुमचं काम इथे कमीच आहे. खालची पट्टी आणि मेनू मुळातच विंडोजच्या वळणाचे आहेत.

इथे ॲड-ऑनचे प्रकार तीन. पट्टीवर बसतं ते ॲपलेट, डेस्कटॉपवर बसतं ते डेस्कलेट, आणि पूर्ण डेस्कटॉपचं वागणं बदलतं ते एक्स्टेन्शन. सिस्टिम सेटिंग्जमध्ये तिघांची वेगळी पानं आहेत. ॲपलेट्स उघडा, डाउनलोड टॅबमध्ये जा, आधी यादी ताजी करा, हवं त्यापुढचा खालचा बाण दाबा. इथे लोक हमखास अडकतात: डाउनलोड झालं म्हणजे पट्टीवर आलं असं नाही. मॅनेज टॅबवर परत जाऊन ते निवडायचं आणि खालचं अधिकचं चिन्ह दाबायचं, तेव्हा ते पट्टीवर बसतं. त्यांची अपडेट मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्येच इतर पॅकेजांबरोबर येतात.

क्लिपबोर्डसाठी इथे ॲपलेट शोधत बसू नका. सिनॅमन मुळात झोरगवर चालतो, तिथे साधा प्रोग्रामही क्लिपबोर्ड वाचू शकतो, म्हणून कॉपीक्यू हे पॅकेज सरळ बसवा. मोबाइलसाठी केडीईकनेक्ट हे पॅकेज, पोर्ट तेच १७१४ ते १७६४.

एखाद्या ॲपलेटने पट्टी अडकली तर कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप. सिनॅमन जागेवर नव्याने उठतो आणि उघड्या खिडक्यांना धक्का लागत नाही. तो कोसळलाच तर फॉलबॅक मोडमध्ये आहोत, पुन्हा सुरू करू का असं विचारणारी चौकट येते. त्या वेळी लगेच हो म्हणू नका. खिडक्या चालू असतात, आधी बिल सेव्ह करा, मग हो म्हणा, आणि पट्टी परत आली की शेवटी टाकलेलं ॲपलेट काढा.